काळोखाचे बदलते रंग
कृष्णविवरांच्या क्ष-किरणांची सहा दशके

१९७१ सालच्या मार्च-एप्रिल महिन्यांत राजहंस तारकासमूहातल्या एका क्ष-किरण स्रोताचा रंग बदलला. रंग हा शब्द इथे सोयीसाठी वापरला आहे. क्ष-किरण डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा त्यांना तांबडे-निळेपण कुठून असणार? पण त्यांच्यातही कमी ऊर्जेचे आणि जास्त ऊर्जेचे असा भेद असतो आणि तो तांबड्या-निळ्याच्या भेदाच्याच जातीचा आहे. भौतिकशास्त्रज्ञ कमी ऊर्जेच्या किरणांना मृदू म्हणतात, जास्त ऊर्जेच्या किरणांना कठीण. कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख काढला की त्या स्रोताचा क्ष-किरण वर्णपट मिळतो. ‘उहुरू’ नावाच्या उपग्रहाच्या नोंदींत असे दिसले, की या स्रोताचे २ ते ६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे मृदू किरण एक-चतुर्थांशावर आले आणि १० ते २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे कठीण किरण मात्र दुप्पट झाले. दिवा मंद झाला असता तर नवल नव्हते. इथे दिव्याचा तांबडा भाग मालवत होता आणि निळा भाग प्रखर होत होता.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क आणि अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणींना आकाशाच्या त्या भागात एक क्षीण रेडिओ स्रोत दिसू लागला. आधीच्या पाहणीत तो तिथे नव्हता. क्ष-किरणांचा रंग बदलतो आणि त्याच काळात शेजारी रेडिओ स्रोत उगवतो, हा योगायोग मानणे कठीण होते.

कृष्णविवराच्या शोधाची गोष्ट मराठीत अनेकदा सांगितली गेली आहे. ती बहुधा आइन्स्टाइनच्या समीकरणांपासून सुरू होते, चंद्रशेखरांकडे येते आणि हॉकिंगपाशी थांबते. त्या सांगण्यात हा वसंतातला रंगबदल एखाद्या ओळीत उरकला जातो. माझ्या मते सगळी गोष्ट या रंगबदलाच्या बिजागरीवर फिरते. कारण उघड आहे. उहुरूची नजर धूसर होती. स्रोत आकाशाच्या अमुक चौकटीत आहे एवढेच तो सांगू शके आणि त्या चौकटीत शेकडो तारे असत. रेडिओ दुर्बिणी मात्र नेमके ठिकाण दाखवू शकत होत्या. दोन्ही बदल एकाच वेळी झाले म्हणून दोन्ही स्रोत एकच, हे पटले. आणि रेडिओ स्रोताच्या जागी एचडीई २२६८६८ या क्रमांकाचा, नवव्या प्रतीचा एक निळा महाराक्षसी तारा आधीपासूनच सूचीत नोंदलेला होता.

पुढचे काम त्यामानाने सरळ होते. ग्रीनिच वेधशाळेतल्या लुईस वेब्स्टर आणि पॉल मर्डिन यांनी, आणि स्वतंत्रपणे टोरोंटोजवळच्या डेव्हिड डनलॅप वेधशाळेतल्या टॉम बोल्टन यांनी त्या ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. तारा ५.६ दिवसांत एक फेरी या गतीने कोणाभोवती तरी फिरत होता. तो ‘कोणी’ दिसत नव्हता. वेगाचा हिशेब मांडला तेव्हा त्याचे वस्तुमान न्यूट्रॉन ताऱ्याच्या मर्यादेपलीकडे गेले. १९७२च्या आरंभी दोन्ही निबंध ‘नेचर’मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने आले. त्यांतली भाषा जपून वापरलेली आहे. कृष्णविवर सापडले असा डांगोरा त्यांत नाही.

*

या स्रोताचे नाव सिग्नस एक्स-१. सिग्नस म्हणजे राजहंस आणि एक्स-१ म्हणजे त्या तारकासमूहात सापडलेला पहिला क्ष-किरण स्रोत. तो सापडला १९६४ साली, हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटाने सोडलेल्या अग्निबाणातून. त्याआधी दोन वर्षे, १८ जून १९६२च्या रात्री, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक एरोबी अग्निबाण उडवला होता. चंद्रावरून क्ष-किरण येतात का ते पाहणे हा त्याचा जाहीर हेतू. उपकरणाला आकाश पाहायला मिळाले जेमतेम सहा मिनिटे, आणि तेवढ्यात वृश्चिकेच्या दिशेने चंद्राशी काही संबंध नसलेला एक प्रचंड तेजस्वी स्रोत सापडला. क्ष-किरण खगोलशास्त्राचा जन्म असा सहा मिनिटांत झाला. २००२ साली जियाकोनींना नोबेल मिळाले.

सिग्नस एक्स-१ स्थिर नाही याची चुणूक उहुरूच्या आधीच मिळाली होती. फ्रीडमन यांच्या गटाने एप्रिल १९६५मध्ये पुन्हा अग्निबाण सोडला तेव्हा स्रोत जून १९६४च्या तुलनेत सुमारे एक-चतुर्थांश तेजाचा निघाला. पण वर्षातून एकदा पाच मिनिटे डोकावून पाहणाऱ्याला शेजारच्या घरातल्या भांडणाचे कारण कसे कळणार? सतत पाहत राहणारा डोळा हवा होता. तो मिळाला १२ डिसेंबर १९७० रोजी. केनियाच्या किनाऱ्यालगत, हिंदी महासागरात उभ्या असलेल्या सान मार्को या इटालियन फलाटावरून उपग्रह सुटला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून उपग्रहाला स्वाहिली भाषेतले ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव मिळाले.

उहुरूच्या पहिल्या काही महिन्यांतच जपानी शास्त्रज्ञ मिनोरू ओडा आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सिग्नस एक्स-१ सेकंदाच्या अंशभागात लुकलुकतो. ही बारीक बाब वाटेल, पण तिच्यात मोठा पुरावा दडलेला आहे. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रकाश ३०,००० किलोमीटर जातो. एखादी वस्तू तेवढ्या वेळात एकसंधपणे उजळत-मंदावत असेल, तर तिचा आकार त्याहून फार मोठा असू शकत नाही, कारण एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचायलाच तेवढा वेळ लागतो. सूर्याचा व्यास १४ लाख किलोमीटर आहे. म्हणजे सूर्याच्या हजारो पट ऊर्जा ओतणारी ही वस्तू पृथ्वीच्या काही पटींहून मोठी नव्हती.

ओडांच्या गटाला त्या लुकलुकण्यात ७३ मिलिसेकंदांची लय असल्यासारखेही वाटले होते. नियमित लय म्हणजे फिरता न्यूट्रॉन तारा, कारण कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो आणि पृष्ठभागावर ठिपका नसेल तर दीपगृहासारखे झोत फिरणार कसे? ती लय टिकली नाही. १९७२ साली लॉस अलामोसच्या जेम्स टेरेल यांनी दाखवले, की पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारख्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या चमका एकत्र आल्या तरी थोड्या वेळाच्या नोंदीत खोटा ठेका ऐकू येतो. संशोधनाच्या इतिहासात असे छोटे निबंध महत्त्वाचे असतात. ते नवे काही शोधत नाहीत, फक्त भलत्या जागी ऐकू येणारे तबले बंद करतात.

*

इथे थोडे हैदराबादला जायला हवे.

क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून खगोलशास्त्रज्ञाला वर जावे लागते. वर जायचे तीन मार्ग: अग्निबाण, उपग्रह आणि फुगा. उपग्रह १९६०च्या दशकातल्या भारताला परवडणारा नव्हता. फुगा परवडणारा होता, आणि त्याची परंपरा घरचीच होती. होमी भाभा विश्वकिरणांचे संशोधक, त्यामुळे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फुगे उडवणे हे संस्थेच्या बाळपणापासूनचे काम. दशकाच्या अखेरीस बी. व्ही. श्रीकांतन, पी. सी. अगरवाल आणि त्यांचे सहकारी हैदराबादहून प्लॅस्टिकचे महाकाय फुगे सोडून त्यांना टांगलेल्या उपकरणांनी वृश्चिकेतला आणि राजहंसातला स्रोत पाहत होते. हैदराबादच का, याला कारण आहे. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ बाहेरून येणारे बरेचसे विश्वकिरण परतवले जातात आणि उपकरणातला गोंगाट कमी होतो. युरोप-अमेरिकेच्या फुग्यांना ही शांतता मिळत नसे.

पण फुग्याला मर्यादा असते. पस्तीस-चाळीस किलोमीटरवरही थोडे वातावरण डोक्यावर उरतेच आणि ते मृदू किरण गिळून टाकते. सुमारे २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे कठीण किरणच फुग्यापर्यंत पोचतात. उहुरूची खिडकी याच्या उलट, मृदू बाजूला उघडणारी. त्यामुळे सिग्नस एक्स-१च्या दोन अवस्थांना जी नावे पडली ती उहुरूच्या खिडकीतून पाहून पडली. मृदू किरण भरपूर असतात ती ‘उच्च’ अवस्था; ते आटतात आणि कठीण किरण वाढतात ती ‘नीच’. हैदराबादच्या फुग्याला नेमके उलट दिसले असते: ज्याला जग उच्च म्हणते त्या काळात स्रोत मंद आणि नीच काळात तेजस्वी! पुढे पुष्कळ वर्षांनी ‘उच्च-मृदू’ आणि ‘नीच-कठीण’ अशी जोडनावे रूढ झाली, आणि आता उच्च-नीच बहुतेक गळून नुसते मृदू आणि कठीण उरले आहे. परिभाषेचा इतिहास वाचताना ती वस्तूबद्दल किती सांगते आणि पाहणाऱ्याच्या खिडकीबद्दल किती, हे वेगळे काढावे लागते.

१९ एप्रिल १९७५ला सोडलेल्या आर्यभट्ट या पहिल्या भारतीय उपग्रहावरही क्ष-किरण उपकरण होते. काही दिवसांतच वीजपुरवठ्यात बिघाड होऊन प्रयोग बंद पडले.

*

रंग का बदलतो? १९७३ साली मॉस्कोतल्या निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्याएव या तरुणांनी याच्या उत्तराचा पाया घातला. मोठ्या ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. त्याला स्वतःची फिरकी असते, म्हणून तो भोवती तबकडीसारखा पसरतो आणि घासत, तापत हळूहळू आत सरकतो. बाहेर थंड, आत गरम. कृष्णविवरालगत तापमान कोटीभर अंशांपर्यंत जाते आणि तिथून मृदू क्ष-किरण निघतात. काळोखातून प्रकाश येत नाही; येतो तो काळोखात पडण्याआधीच्या शेवटच्या घासाघाशीतून.

ही घासाघाशी नक्की कशाने होते ते दोघांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते अज्ञान ग्रीक वर्णमालेतल्या ‘आल्फा’ या एका अक्षरात बांधून ठेवले आणि हिशेब पुढे नेला. आल्फाची किंमत शून्य आणि एक यांच्या दरम्यान काहीतरी, बस्स. इतका प्रामाणिक आणि इतका उपयोगी पडलेला कबुलीजबाब विज्ञानात क्वचितच सापडेल. तबकडीतली चुंबकीय खळबळ हे घर्षणाचे मूळ असावे, हे पटण्याजोग्या रीतीने मांडले जायला १९९१ साल उजाडले.

कठीण किरणांना मात्र तबकडी पुरत नाही. त्यासाठी शंभर कोटी अंशांच्या घरातले, विरळ आणि अतितप्त इलेक्ट्रॉनांचे प्रभामंडळ लागते. तबकडीतून निघालेला मृदू किरण त्या इलेक्ट्रॉनांवर पुन्हा पुन्हा आदळतो आणि दर टकरीला थोडी ऊर्जा पदरात पाडून कठीण होऊन बाहेर येतो. १९८० साली सुन्याएव आणि लेव्ह तितार्चुक यांनी या प्रक्रियेचे गणित मांडले. मग दोन अवस्थांचा अर्थ लागू लागला. तबकडी कृष्णविवराच्या अगदी जवळ पोचलेली असेल तर मृदू अवस्था. तिची आतली कड मागे हटून मधली जागा तप्त विरळ वायूने भरली असेल तर कठीण अवस्था. आणि कठीण अवस्थेतच दोन्ही ध्रुवांकडून द्रव्याचे झोत सुटतात. रेडिओ लहरी त्या झोतांच्या. १९७१ सालच्या वसंतात रेडिओ स्रोत उगवला तो म्हणून.

हे चित्र सर्वांना पूर्णपणे मान्य आहे असे नाही. प्रभामंडळ तबकडीच्या वर पसरलेले असते, आत असते की झोताच्या बुडाशी, यावर आजही परिषदांत हमरीतुमरी होते.

डिसेंबर १९७४मध्ये स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न यांनी लावलेली पैज प्रसिद्ध आहे. हॉकिंग यांनी सिग्नस एक्स-१ कृष्णविवर नाही या बाजूने पैज लावली. कृष्णविवरांवर आयुष्य घातलेल्या माणसाचा हा विमा होता. सगळे काम फुकट गेले तर निदान ‘प्रायव्हेट आय’ या विनोदी नियतकालिकाची चार वर्षांची वर्गणी तरी मिळेल. थॉर्न जिंकले तर त्यांना एका प्रौढांच्या मासिकाची वर्षभराची वर्गणी. १९९० साली थॉर्न मॉस्कोत असताना हॉकिंग यांनी त्यांच्या कार्यालयातल्या चौकटीतल्या करारनाम्यावर अंगठा उमटवून हार मानली. आपल्याकडे त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा लेखकाच्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. आद्याक्षरे उलटी वाचली की लेखक सापडतो: जयंत विष्णू नारळीकर. जिथे तज्ज्ञच पैजा लावत होते तो विषय मराठी वाचकाच्या हाती इतक्या ताजेपणी आला होता, याची नोंद साहित्याच्या इतिहासानेही घ्यायला हवी.

*

सिग्नस एक्स-१ रंग बदलायला दिवस-आठवडे घेतो. १९७५च्या ऑगस्टमध्ये एकशृंगी तारकासमूहात अचानक उजळलेला, काही काळ आकाशातला सर्वांत तेजस्वी क्ष-किरण स्रोत ठरलेला ए०६२०-०० किंवा जपानच्या ‘गिंगा’ उपग्रहाने १९८९ साली टिपलेला व्ही४०४ सिग्नी, हे महिनोन्‌महिने चालणारे स्फोट. त्यांच्या नोंदींतून एक विचित्र गोष्ट हळूहळू पुढे आली. स्रोत कठीणातून मृदू अवस्थेत ज्या तेजावर जातो त्याच तेजावर परत येत नाही. परततो त्याहून बराच मंद झाल्यावर. जाण्याची वाट वेगळी, येण्याची वेगळी. सिगेनोरी मियामोतो आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली गिंगाच्या नोंदींवरून ही बाब ठळकपणे मांडली. याचा अर्थ असा, की आत पडणाऱ्या द्रव्याचे प्रमाण एवढी एकच गोष्ट रंग ठरवत नाही. तबकडीला आपल्या आदल्या अवस्थेची आठवण राहते. ही आठवण कशात साठते, ते अजून नीट उलगडलेले नाही.

मग आला जीआरएस १९१५+१०५. नावातले आकडे म्हणजे त्याचा आकाशातला पत्ता, गरुड तारकासमूहात, श्रवण नक्षत्राच्या तेजस्वी ताऱ्यापासून फार दूर नाही. १५ ऑगस्ट १९९२ रोजी ‘ग्रानात’ या रशियन उपग्रहावरच्या डॅनिश उपकरणाने तो टिपला. वाटेत इतकी धूळ आहे की दृश्य प्रकाशात तो दिसतच नाही. १९९४ साली फेलिक्स मिराबेल आणि लुईस रोद्रिगेज यांनी त्याच्यातून सुटलेले रेडिओ गोळे प्रकाशाहून वेगाने दूर जाताना पाहिले. तो अर्थातच भास. जवळपास प्रकाशवेगाने आणि काहीशा आपल्या दिशेने येणारी वस्तू तशी दिसते. पण आपल्या आकाशगंगेत असा भास प्रथमच दिसत होता.

१९९६ साली त्याच्याकडे दोन नवे डोळे वळले. एक अमेरिकेचा रॉसी एक्स-रे टायमिंग एक्सप्लोरर, डिसेंबर १९९५च्या अखेरीस सुटलेला आणि सेकंदाचे अतिसूक्ष्म तुकडे मोजणारा. दुसरा आपला. २१ मार्च १९९६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने आयआरएस-पी३ हा उपग्रह नेला. त्याचे मुख्य काम पृथ्वीकडे पाहण्याचे; पण त्याच्या अंगावर टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि इस्रो यांनी बनवलेले छोटे क्ष-किरण उपकरण होते. त्याच्यासाठी उपग्रहाला आपले तोंड जमिनीकडून ताऱ्यांकडे वळवावे लागे, आणि ती संधी मोजक्याच दिवसांची असे. भाड्याच्या खोलीत, मालकाच्या सोयीने चाललेला हा संसार होता. अशा वेळी कोणता स्रोत निवडायचा यालाच महत्त्व, आणि अगरवाल यांच्या गटाने जीआरएस १९१५+१०५ निवडला.

जे दिसले ते आधी कुठेही दिसले नव्हते. हा स्रोत स्थिर तेजाने तळपता तळपता एकाएकी मंदावे, मग मिनिटाच्या आतबाहेरच्या अंतराने धडधडू लागे, मग पुन्हा शांत. प्रत्येक धडधडीत रंगही बदलत असे. सिग्नस एक्स-१ला ज्या स्थित्यंतराला आठवडे लागतात ते इथे काही सेकंदांत उरकत होते. तोमासो बेलोनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी उपग्रहाची दोन वर्षांची १६३ निरीक्षणे समोर ठेवून या वर्तनाचे बारा वर्ग पाडले आणि त्यांना ग्रीक अक्षरे दिली. पुढे आणखी दोन जोडावे लागले. बाराही वर्ग अ, ब आणि क अशा तीनच मूळ अवस्थांच्या उलटसुलट गुंफणीतून बनतात, हे त्यांचे खरे निरीक्षण. तीन स्वरांतून चौदा धुना. ‘ऱ्हो’ वर्गाचा आलेख हृदयाच्या ईसीजीसारखा दिसतो, म्हणून त्याला ‘हृदयस्पंदन’ असे टोपणनाव पडले. एखाद्या कार्डिऑलॉजिस्टला तो नाव न सांगता दाखवून पाहावा असे मला नेहमी वाटते.

भारतीय उपकरणाच्या १९९७च्या नोंदींवरचा निबंध १९९८ साली बिश्वजित पॉल, अगरवाल, ए. आर. राव, जे. एस. यादव आणि इतरांनी प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच, द्रव्य कृष्णविवराच्या घटनाक्षितिजात नाहीसे होत असल्याचा ‘संभाव्य पुरावा’ असे शब्द आहेत. युक्तिवाद मुळात साधा आहे. न्यूट्रॉन ताऱ्यावर होणारे क्ष-किरण स्फोट झटकन चढतात आणि सावकाश ओसरतात. पृष्ठभागावर साठलेले द्रव्य एकदम पेटते आणि मग निवत जाते, कारण निवायला पृष्ठभाग असतो. जीआरएस १९१५+१०५चे स्फोट उलटे होते: सावकाश चढणारे आणि शिखर गाठल्यावर एकदम कोसळणारे. शिवाय ओसरताना त्यांचा रंग मृदू होण्याऐवजी कठीण होत होता. निवणारी वस्तू असे करत नाही. तबकडीचा आतला भाग भरत जातो, तापतो आणि मग मागे काही न ठेवता आत गडप होतो, असा त्यांचा तर्क. पृष्ठभाग असता तर पडलेल्या द्रव्याने तिथे आपटून शेवटची उष्णता दाखवली असती.

हा तर्क कितपत टिकला? पुरता नाही, असे माझे वाचन सांगते. बेलोनी यांच्या गटानेही १९९७ साली तबकडीचा आतला भाग रिकामा होतो आणि पुन्हा भरतो असेच चित्र मांडले होते. पण ‘रिकामा होतो’ म्हणजे द्रव्य आत गेले की बाहेर फेकले गेले? सप्टेंबर १९९७मध्ये मिराबेल आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण, अवरक्त आणि रेडिओ अशा तिन्ही खिडक्यांतून स्रोत एकाच वेळी पाहिला. क्ष-किरण कोसळले, आणि काही मिनिटांनी अवरक्त व त्यामागून रेडिओ लहरींची लाट आली. निदान काही द्रव्य तरी झोत होऊन बाहेर सुटत होते. हृदयस्पंदनाबद्दल जोई नीलसन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले, की प्रारणाचाच दाब तबकडीला फुगवतो, तिच्यातून वारा वाहवतो आणि त्यानेच पुढचा ठोका ठरतो. म्हणजे हिशेबात तीन खाती आली: आत पडलेले, झोतातून गेलेले आणि वाऱ्यावर उडालेले. पहिले खाते थेट मोजायचा उपाय नाही. ते इतर दोन वजा करूनच काढावे लागते.

तरीही भारतीय गटाचे मूळ निरीक्षण, म्हणजे सावकाश चढ, एकदम उतार आणि उतारावर कठीण होणारा रंग, जसेच्या तसे उभे आहे. त्या निबंधाचे मोल मी तिथे मानतो. आपल्याकडे अशा कामाबद्दल लिहिताना एकतर ‘जगात पहिले’ अशी आरोळी असते, नाहीतर पूर्ण विस्मृती. अमेरिकी उपग्रहाचे मुख्य उपकरण सुमारे ६५०० चौरस सेंटीमीटरचे होते. आपले त्यापुढे अगदी चिमुकले. ज्या विषयात किरण मोजण्यावर सगळे अवलंबून असते तिथे हा फरक कधीच भरून निघत नाही. चिमुकल्या उपकरणाने योग्य वेळी योग्य दिशेला पाहिले आणि जे पाहिले त्याचा जपून अर्थ लावला. ‘संभाव्य’ हा शब्द शीर्षकात ठेवायला संयम लागतो.

*

२८ सप्टेंबर २०१५ रोजी अ‍ॅस्ट्रोसॅट सुटला तेव्हा ही भाड्याची खोली सुटून घर स्वतःचे झाले. त्यावरच्या तीन मोठ्या क्ष-किरण मोजणीपेट्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनल्या, आणि त्यांची खिडकी ३ पासून ८० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत उघडते. उहुरूची मृदू खिडकी आणि हैदराबादच्या फुग्याची कठीण खिडकी, दोन्ही एकाच भिंतीत. मृदू आणि कठीण किरणांचे चढउतार एकाच क्षणी टिपता येतात, म्हणून कोणता आधी बदलला आणि कोणता सेकंदाच्या कितव्या भागाने मागे राहिला, हे विचारता येते. सिग्नस एक्स-१च्या अशा चढउतारांवर पुण्याच्या आयुकातल्या रणजीव मिश्रा यांच्या गटाने काम केले. तबकडीच्या बाहेरच्या भागात उठलेला तरंग आत सरकत जातो आणि वाटेत रंग बदलत जातो, असे ते चित्र आहे. जीआरएस १९१५+१०५ शांत वर्गातून हृदयस्पंदनाकडे सरकत असतानाचे टप्पेही अ‍ॅस्ट्रोसॅटला पाहायला मिळाले.

सिग्नस एक्स-१चे अंतर पुन्हा मोजले गेले आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबात त्याचे वस्तुमान २१ सूर्यांएवढे निघाले. आधीचा आकडा १५च्या आसपासचा होता. म्हणजे पन्नास वर्षे निरखलेली वस्तू सगळ्यांच्या समजुतीपेक्षा बरीच जड होती. अंतर थोडे वाढले की वस्तुमान, तेज आणि त्यावर बेतलेले बाकीचे आकडेही सरकतात. जुने निबंध आता त्या फरकाने वाचावे लागतात.

जीआरएस १९१५+१०५चे काय झाले? २८,००० प्रकाशवर्षांवरचा, सुमारे बारा सूर्यांच्या वस्तुमानाचा हा स्रोत १९९२पासून सव्वीस वर्षे अखंड तळपत होता. २०१८ साली तो मंदावू लागला. अशा स्रोतांचे स्फोट कधीतरी विझतातच, म्हणून तो आता झोपी चालला असे बहुतेकांना वाटले. २०१९मध्ये क्ष-किरण आणखी उतरले. पण रेडिओ दुर्बिणींना मात्र त्या ठिकाणी अधूनमधून जोरदार उसळ्या दिसत राहिल्या. आत द्रव्य पडत नसेल तर झोत सुटणार नाहीत. क्ष-किरणांच्या वर्णपटातही जवळच्याच दाट वायूने मृदू किरण गिळल्याच्या खुणा सापडल्या. स्रोत विझलेला नव्हता, स्वतःच उधळलेल्या किंवा भोवती साठलेल्या वायूच्या पडद्याआड गेला होता. दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी आठच्या सुमारास वायव्येला उंचावर राजहंस दिसतो, आणि त्याच्या दक्षिणेला, पश्चिम आकाशात, गरुडातला श्रवण. त्या श्रवणाजवळच तो पडदा आहे.